भाराची चढण आणि क्रिएटिनचा डबा

अमरावती-अकोल्याच्या जिममध्ये आणि भरतीच्या अकॅडम्यांमध्ये क्रिएटिनबद्दल दोनच मते ऐकू येतात. मुले म्हणतात, क्रिएटिन घेतले की अंग आंबत नाही, रिकव्हरी लवकर होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राऊंड मारता येते. घरचे म्हणतात, ते स्टेरॉइडच आहे, किडनी जाईल, आधी तो डबा फेकून दे. ही दोन मते एकमेकांविरुद्ध उभी असल्यासारखी वाटतात, पण दोघांचीही नजर डब्यावरच खिळलेली आहे. एकाला त्यात तारक दिसतो, दुसऱ्याला मारक. व्यायामाने स्नायूला इजा का होते, ती कधी उपकारक ठरते, कधी जिवावर बेतते आणि कशाने आटोक्यात राहते, हे प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. व्यायामजन्य इजेपासूनचे सर्वांत भक्कम कवच स्नायू स्वतःच तयार करतो, आणि भार हळूहळू चढवला तरच ते तयार होते. क्रिएटिन हे भरपूर अभ्यासलेले, बऱ्याच खेळांत उपयोगी पडणारे पूरक आहे, पण या कवचाची जागा ते घेऊ शकत नाही. उलट, जास्त कष्ट करण्याची मुभा देऊन ते कधी कधी इजेत भरही घालते. म्हणून वऱ्हाडातल्या खेळाडूपुरते बोलायचे तर डब्याचा वाद हा मूळ प्रश्नावरून लक्ष उडवणारा वाद आहे, आणि त्याची किंमत मुले आपल्या शरीराने चुकवतात.

१. इजा नेमकी कशाने होते?

स्नायू तीन प्रकारे काम करतो: आखडत, स्थिर राहून, आणि ताण धरून लांबत. इजेचा मोठा वाटा या तिसऱ्या प्रकाराचा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पायी चढून उतरलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. दम लागतो तो चढताना, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू शरीराचे वजन अडवतो आणि अडवता अडवता लांबतो. बैठकीत खाली जाताना, डंबेल सावकाश खाली आणताना, वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आपटून थांबताना हेच घडते. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात पदार्पण करणाऱ्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेसारख्या वेगवान गोलंदाजाचे शरीर प्रत्येक चेंडूला असा ब्रेक लावत असते.

लांबताना स्नायूच्या धाग्यातले सूक्ष्म घटक, म्हणजे सार्कोमिअर, सारखे ताणले जात नाहीत. कमजोर असतील ते जास्त ताणले जातात आणि त्यांची रचना विस्कटते. स्वीडनमध्ये यान फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्नायूंचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सार्कोमिअरच्या सीमारेषा वाकड्यातिकड्या झालेल्या दिसल्या. ही झाली पहिली, यांत्रिक इजा. त्यानंतर पेशीत कॅल्शियम शिरते, प्रथिने तोडणारी विकरे जागी होतात, पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड साफ करतात आणि स्नायूलगतच्या उपग्रह पेशी नव्या बांधणीला लागतात. दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते, ते या दुसऱ्या टप्प्यामुळे. म्हणजे ज्याला आपण इजा म्हणतो, त्याच्यातच दुरुस्तीची सुरुवातही आहे. तिचा समूळ बंदोबस्त करणे हे कोणत्याही शहाण्या खेळाडूचे ध्येय असू शकत नाही. ती पेलण्याजोगी ठेवणे हे ध्येय असू शकते.

२. आपली मापेच चुकलेली आहेत

इजेबद्दलचा उथळपणा मापांपासूनच सुरू होतो. तीन मापे प्रचलित आहेत आणि तिन्ही फसवी आहेत.

पहिले माप लॅक्टिक अॅसिडचे. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक अॅसिड साचल्याने, हे वाक्य आजही कित्येक प्रशिक्षक शिकवतात. वास्तविक व्यायामानंतर तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येते. १९८३ मध्ये जेम्स श्वेन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सपाटीवर आणि काहींना उतारावर धावायला लावले. सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण त्यांना नंतर दुखले नाही. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही, पण त्यांचे पाय चांगलेच आंबले. चाळीस वर्षांपूर्वी निकालात निघालेली समजूत आपण अजून मैदानावर वागवतो आहोत.

दुसरे माप दुखण्याचे. जितके दुखेल तितका फायदा, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. २०१६ मध्ये ब्राझीलच्या फेलिपे डामास आणि सहकाऱ्यांनी दहा आठवड्यांच्या वजनी व्यायामाचा मागोवा घेतला. पहिल्या आठवड्यात इजा सर्वांत जास्त होती आणि स्नायूतील प्रथिननिर्मितीही सर्वांत जास्त होती. पण त्या निर्मितीचा अखेरीस झालेल्या स्नायूवाढीशी संबंध लागला नाही, कारण ती डागडुजीत खर्ची पडत होती. इजा ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत जी निर्मिती झाली, तिचा मात्र वाढीशी संबंध दिसला. याचा सरळ अर्थ असा की स्नायू इजेमुळे वाढत नाही, इजा आटोक्यात आल्यावर वाढतो. ज्या मुलाला दर सोमवारी जिना उतरता येत नाही, तो मेहनती असेल, पण त्याची मेहनत फुटके बुजवण्यातच जाते आहे.

तिसरे माप प्रयोगशाळेतले, क्रिएटिन कायनेजचे. हे स्नायूतले विकर आहे. स्नायूचे आवरण गळू लागले की ते रक्तात उतरते. एरवी साधारण दोनशे युनिटच्या आत असणारा हा आकडा अनोळखी, जड व्यायामानंतर हजारोंत जातो, क्वचित त्याहूनही पुढे. पण एकाच व्यायामाने एकाचा आकडा पाचशे होतो नि दुसऱ्याचा दहा हजार, आणि दोघांची ताकद सारखीच घटलेली असते. स्नायू किती दुखावला याचे विश्वासार्ह माप एकच: त्याची ताकद किती उतरली आणि किती दिवसांत परतली. त्यासाठी रक्त काढावे लागत नाही. उभी उडी, मनगटाची पकड, ठरलेल्या वजनाच्या किती आवृत्त्या झाल्या, एवढी वही ठेवली तरी कळते.

३. क्रिएटिन काय करते आणि काय करत नाही

क्रिएटिन हे स्टेरॉइड नाही आणि संप्रेरकही नाही. आपले यकृत आणि मूत्रपिंडे ते अमिनो आम्लांपासून रोज तयार करतात. मांस-मासळीतूनही ते मिळते. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात त्याचा साठा सुमारे १२० ग्रॅम असतो आणि त्यातला ९५ टक्के स्नायूंत असतो. रोज साधारण दोन ग्रॅम खर्ची पडून क्रिएटिनिनच्या रूपात लघवीवाटे जाते. स्नायूत ते फॉस्फेट धरून ठेवते आणि पूर्ण जोर लावल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऊर्जेचा रेणू, एटीपी, पुन्हा भरून देते. दहाएक सेकंदांत हा साठा बहुतांशी उपसला जातो.

१९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि एरिक हल्टमन यांच्या गटाने दाखवले की तोंडावाटे पुरेसे क्रिएटिन दिले तर स्नायूतला साठा वाढतो. ज्यांचा मुळात कमी, त्यांचा जास्त वाढतो. त्याच गटाने १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतले काय आणि रोज तीन ग्रॅम अठ्ठावीस दिवस घेतले काय, साठा शेवटी सारखाच भरतो. म्हणजे जिममध्ये ज्याला लोडिंग म्हणतात, ती गरज नसून घाई आहे. शाकाहारी माणसाच्या स्नायूत क्रिएटिन मुळात कमी असते, त्यामुळे त्याला फरक जास्त जाणवू शकतो. वऱ्हाडात शाकाहारी खेळाडू पुष्कळ आहेत, तेव्हा हा मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण हा फायदा कोणत्या कामात होतो ते पाहावे लागते. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक असते. शंभर मीटर आणि गोळाफेक ही काही सेकंदांची, पूर्ण जोराची कामे. तिथे क्रिएटिनला वाव आहे. १६०० मीटर मात्र पाच-सहा मिनिटांचे काम आहे आणि त्यातली बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या आधाराने येते. क्रिएटिन सुरू केल्यावर स्नायूत पाणी धरले जाते आणि वजन अनेकदा किलोभर वाढते. ते किलोभर वजन १६०० मीटरभर वाहून न्यायचे असते. अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावर घाम गाळणाऱ्या बॉक्सरसाठी तर तोच किलो वजनगट ओलांडायला पुरेसा ठरतो. मग तो उतरवण्यासाठी पाणी तोडणे आणि जाड कपडे घालून धावणे सुरू होते. एकच पावडर तीन खेळाडूंच्या बाबतीत तीन वेगळे निकाल देते. ‘क्रिएटिन चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण त्यात खेळ कोणता हेच विचारलेले नसते.

४. इजा आणि क्रिएटिन: पुरावा दोन्ही दिशांना का जातो?

आता थेट मुद्द्यावर येऊ. क्रिएटिनने व्यायामजन्य इजा कमी होते का?

होते असे वाटावे, याची कारणे आहेत. इजा झालेल्या पेशीतून कॅल्शियम बाहेर फेकायला ऊर्जा लागते आणि क्रिएटिन ती पुरवू शकते. ते आवरणाला स्थैर्य देत असावे, दुरुस्ती करणाऱ्या पेशींना मदत करत असावे, असेही मांडले गेले आहे. २००४ मध्ये ब्राझीलमध्ये तीस किलोमीटर धावणाऱ्या अनुभवी धावपटूंना आधी पाच दिवस क्रिएटिन दिले, तेव्हा क्रिएटिन कायनेज आणि दाहाच्या खुणा कमी वाढल्या. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅथ्यू कुक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, जड व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांची ताकद क्रिएटिनने लवकर परतली. पण २००१ मध्ये एरिक रॉसन यांनी कोपराच्या स्नायूंना पन्नास वेळा पूर्ण जोराने लांबवणारा व्यायाम दिला, तेव्हा क्रिएटिनने दुखणे, ताकद, सूज यांपैकी कशातच फरक पडला नाही. असे अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये झालेल्या एका पुनरावलोकनाचा निष्कर्ष असा की इजेनंतर ताकद लवकर परतण्यास क्रिएटिनची विशेष मदत होत नाही.

सर्वांत बोलका निष्कर्ष २०२२ चा आहे. ऑस्ट्रेलियातले केन्जी डोमा आणि सहकाऱ्यांनी अभ्यासांचे दोन ढीग केले. ज्यांत क्रिएटिन घेऊन एकदाच जड व्यायाम केला होता, त्यांत दोन ते चार दिवसांनी इजेच्या खुणा कमी दिसल्या. ज्यांत क्रिएटिन घेत आठवडेच्या आठवडे सराव केला होता, त्यांत उलट दिसले: व्यायामानंतर चोवीस तासांनी इजेच्या खुणा क्रिएटिन घेणाऱ्यांत जास्त होत्या. संशोधकांनी याला विरोधाभास म्हटले. मला त्यात फारसा विरोधाभास दिसत नाही. क्रिएटिनचे कामच मुळी जास्त आवृत्त्या, जास्त वजन, जास्त जोर शक्य करणे हे आहे. एकदाच्या प्रयोगात काम ठरवून दिलेले असते, त्यामुळे थोडे संरक्षण दिसते. सरावात काम खेळाडू ठरवतो, तो वाढलेली क्षमता वापरतो आणि स्नायूवर वाढीव भार टाकतो. भार वाढला की इजा वाढणारच.

यातून सामान्य समजुतीचा पायाच निखळतो. क्रिएटिनचा जो खरा फायदा, जास्त काम करता येणे, तोच इजेच्या बाबतीत त्याचा धोका आहे. शिस्तशीर आराखडा असलेल्याच्या हातात जास्तीचे काम म्हणजे प्रगती. आराखडा नसलेल्याच्या हातात तेच जास्तीचे काम म्हणजे घोटा, गुडघा आणि मांडीमागचा स्नायू यांच्या तक्रारी.

५. खरे कवच: आधी केलेला व्यायाम

मग इजा कशाने कमी होते? शरीरविज्ञानात यासाठी पुनरावृत्तीचा परिणाम नावाची गोष्ट आहे. स्नायूला एकदा अनोळखी, लांबवणारे काम दिले की तेच काम पुन्हा दिल्यावर इजा खूपच कमी होते. हे संरक्षण काही आठवडे टिकते, काही मोजमापांत सहा महिन्यांपर्यंतही दिसले आहे. ते मिळवायला पहिल्या दिवशी स्नायू फोडून काढण्याची गरज नसते. काझुनोरी नोसाका आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मोजक्या आवृत्त्यांनी, अगदी कमाल ताकदीच्या एक-दशांश वजनानेही, पुढच्या जड कामातली इजा कमी करता येते. पेशीचे आवरण, संयोजी ऊती आणि चेतासंस्था हे सगळे मिळून हा बदल घडवतात. कोणत्याही पावडरीच्या नावावर एवढा सातत्याने दिसणारा परिणाम नाही.

अमरावतीच्या माणसाला हे परके वाटू नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी या गावात उभे केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. आखाड्यात नव्या मुलाला पहिल्या दिवशी दोनशे बैठका सांगणारा वस्ताद कच्चा समजला जाई. थोड्याने सुरुवात, रोज थोडी भर, मध्ये मालिश आणि विसावा, ही रीत होती. बैठक म्हणजे मांडीला ताण देत लांबवणारे काम. तिची संख्या हळूहळू चढवणे म्हणजे नेमके आज प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संरक्षण देणे. रीत शास्त्राआधी आली होती.

पण जुन्याचा गौरव करून थांबता येत नाही. त्याच बैठका शाळेत आणि अकॅडमीत शिक्षा म्हणूनही घडवल्या जातात. उशीर झाला, शंभर उठाबशा काढ. सवय नसलेल्या मुलाला एका दमात शेकडो उठाबशा काढायला लावल्याने स्नायू विरघळून रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेक देशांतून नोंदलेल्या आहेत. चढण मोडली की तोच व्यायाम घात करतो. ज्या प्रशिक्षकाला हे माहीत नाही, त्याने क्रिएटिनच्या धोक्यांवर भाषण देऊ नये.

६. वऱ्हाडातला धोका कुठे आहे?

स्नायूची इजा हाताबाहेर गेली की तिला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे तुंबवते. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, स्नायू सुजून टणक होतात, वेदना प्रमाणाबाहेर असते. अशा वेळी घरी थांबणे म्हणजे जिवाशी खेळणे. हा धोका वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या भागात एकत्र येतात.

पहिली गोष्ट ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश ओलांडतो. तापलेल्या आणि पाणी कमी असलेल्या शरीरात तीच मेहनत जास्त इजा करते. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले, आणि त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करावे लागले.

दुसरी गोष्ट घाई. भरतीची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. ती आली की शेतातून, दुकानातून, कॉलेजातून मुले थेट दोन वेळच्या ग्राऊंडवर येतात. आठवड्याला शून्य किलोमीटरवरून तीस-चाळीसवर. मध्ये चढण नाही.

तिसरी गोष्ट वेदनाशामके. दुखते म्हणून गोळी, गोळी घेतली की पुन्हा धावणे. डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधे पाणी कमी असलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. मायोग्लोबिन वाढत असतानाच हे झाले तर मूत्रपिंडावर दुहेरी मारा होतो. ज्या घरात क्रिएटिनच्या डब्यावर रणकंदन होते, त्याच घरात या गोळीबद्दल कुणी ब्र काढत नाही.

चौथी गोष्ट सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. वाहक माणूस एरवी निरोगी असतो. पण उन्हात, पाण्याविना, एकदम पूर्ण जोर लावल्यास त्याच्या स्नायूंना जास्त धोका असतो. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाहकांना रॅब्डोमायोलिसिस होण्याचा धोका इतरांपेक्षा ५४ टक्के जास्त आढळला. मृत्यूचा धोका मात्र जास्त आढळला नाही, बहुधा पाणी, विश्रांती आणि क्रमिक सराव यांचे नियम तिथे सर्वांनाच लागू असल्यामुळे. मेळघाटातून धारणी-चिखलदऱ्याहून येणाऱ्या मुलाला मैदानातून वगळण्याचे कारण यात मुळीच नाही. त्याला चढण, पाणी आणि सावली देण्याचे कारण आहे.

नजर डब्यावर खिळली की खरे कारण कसे निसटते, याचा दाखला अमेरिकेत आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या तीन महाविद्यालयीन कुस्तीगिरांचा मृत्यू झाला. संशय लगेच क्रिएटिनवर गेला. तपासाअंती निघाले ते असे: वजन उतरवण्यासाठी ते तापलेल्या खोलीत, घाम न सुकू देणारे कपडे घालून, पाणी तोडून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलले. संशय डब्यापाशीच थांबला असता तर ते बदलले नसते.

७. आक्षेप आणि उत्तरे

*‘क्रिएटिनने किडनी जाते, हे डॉक्टरच सांगतात.’* निरोगी माणसाने सुचवलेल्या प्रमाणात घेतल्यास मूत्रपिंडाचे कार्य बिघडते असा पुरावा नाही. जाक पोर्तमान्स आणि मार्क फ्रांको यांनी १९९९ मध्ये दीर्घकाळ घेणाऱ्या खेळाडूंत हे तपासले होते. गोंधळ होतो तो रक्ततपासणीत. क्रिएटिन घेतल्याने क्रिएटिनिन थोडे वाढते, जड व्यायामानेही वाढते, आणि आकडा पाहून मूत्रपिंड निकामी ठरवले जाते. डॉक्टरला आधीच सांगावे, शंका असल्यास सिस्टॅटिन-सी तपासावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय याला हात लावू नये.

*‘मग निरुपद्रवी आहे, तर सगळ्यांनीच का घेऊ नये?’* कारण पावडर निरुपद्रवी असणे आणि डबा निरुपद्रवी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये विविध देशांतली ६३४ पूरके तपासली, तेव्हा जवळपास १५ टक्क्यांत वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकसदृश द्रव्ये निघाली. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरींच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ७० टक्क्यांवरचा मजकूर चुकीचा निघाला. उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेल्या खेळाडूला ‘डब्यात होते, मला माहीत नव्हते’ हा बचाव क्वचितच वाचवतो. शिवाय ज्या घरात दूधही मोजून घेतले जाते, तिथे डब्याचा पैसा ताटातूनच वजा होतो.

*‘ताटातून कुठे एवढे प्रथिन मिळते?’* मिळते. साठ किलोच्या मुलाला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर ९६ ग्रॅम प्रथिने लागतात. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, पाऊण वाटी तुरीची डाळ, पन्नास ग्रॅम सोया वड्या, मूठभर शेंगदाणे आणि अर्धा लिटर दूध, एवढ्यात ती भरतात. सोयाबीन, तूर आणि हरभरा आपल्याच शेतात पिकतात. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. सोयाबीनच्या पट्ट्यातल्या मुलाला प्रथिनांसाठी आयात पावडरीवर अवलंबून राहावे लागणे ही गरिबीपेक्षा नियोजनाची उणीव आहे.

*‘नामवंत खेळाडू घेतातच की.’* काही घेतात, आणि त्यांना उपयोगही होत असेल. पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची चढण, आहारतज्ज्ञ, झोप आणि खात्रीचा माल असतो. त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची वस्तू पाया नसलेल्या जागी ठेवून उंची वाढत नाही.

*‘आमच्याकडे तीनच महिने आहेत. हळूहळू चढायला वेळ कुणाला?’* हा सर्वांत खरा आक्षेप आहे, आणि तो मुलांच्या तोंडी असला तरी त्याचा पत्ता वेगळा आहे. बारा आठवड्यांतही चढण बसते: पहिले दोन आठवडे चालणे-धावणे आणि अगदी हलक्या बैठका, मग आठवड्याला थोडी भर, दर चौथ्या आठवड्यात भार कमी. ज्या मुलाने अशी सुरुवात केली, तो सहाव्या आठवड्यात पुढे असतो, कारण एकदम उडी मारणारा तोवर एकदा तरी लंगडून बसलेला असतो. घाई वेळ वाचवत नाही. पण बाराऐवजी चोवीस आठवडे का मिळू नयेत, हे शासनाला विचारण्याचा हक्क त्या मुलाला आहे.

८. क्रम ठरवा, मग डबा उघडा

या साऱ्यातून एक क्रम निघतो. पहिले, भाराची चढण. दुसरे, झोप आणि विसावा. तिसरे, पाणी, मीठ आणि उन्हाची वेळ टाळणे. चौथे, पोटभर, प्रथिनयुक्त जेवण. हे चार जागेवर असतील आणि खेळ थोड्या सेकंदांच्या जोराचा असेल, तर पाचवे, रोज तीन ते पाच ग्रॅम साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट, तपासलेल्या मालातले, आणि स्पर्धेच्या तोंडावर कधीही पहिल्यांदा नाही. पाचवी पायरी पहिली केली की ती कुचकामी होते, कधी घातकही.

हा क्रम एकट्या मुलावर सोडून चालणार नाही. शासनाने मैदानी चाचणीची तारीख किमान चार-सहा महिने आधी निश्चित करावी आणि ती कडक उन्हाळ्याबाहेर ठेवावी. प्रत्येक अकॅडमीने नव्या मुलाला पहिले दोन आठवडे हलके काम द्यावे, शिक्षेच्या उठाबशा बंद कराव्यात, वही ठेवावी, आणि वेदनाशामक गोळीवर धावणाऱ्याला थांबवावे. सिकलसेलची तपासणी नोंदणीच्या वेळीच व्हावी, निकाल गोपनीय राहावा, आणि तो कुणाला वगळण्यासाठी कधीही वापरला जाऊ नये. अमरावतीच्या शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून वऱ्हाडच्या उन्हात, भाकर-वरणावर सराव करणाऱ्या खेळाडूंच्या ताकदीचा आणि इजेचा अभ्यास हाती घ्यावा. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातले निष्कर्ष वाट दाखवतात, पण आपले ऊन आणि आपले ताट त्यांत मोजलेले नाही.

क्रिएटिनचा डबा विकत घेणारा मुलगा आळशी किंवा मूर्ख नाही. त्याला जे साध्य करायचे आहे त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला कुणी दिलेला नाही. डब्यातून तो वेळ मिळेल अशी त्याची आशा आहे. स्नायू ती आशा पुरी करत नाही, कारण त्याला आठवडे लागतात, ग्रॅम नव्हे. तेव्हा घरच्यांनी डबा फेकण्याआधी आणि प्रशिक्षकांनी तो हाती देण्याआधी एकच गोष्ट विचारावी: या मुलाच्या सरावात गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात किती भर पडली, आणि ती कुणी ठरवली? याचे उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातात क्रिएटिनही सुरक्षित आहे. ज्याच्याकडे नाही, त्याच्या हाती मुलाचे शरीर सोपवू नये.